आठ कलांचा फरक

चारचौघांच्या विरुद्ध बोलले म्हणजे आपण स्वतंत्र बुद्धीने विचार केला, असे पुष्कळांस वाटते. चारचौघांबरोबर चालले म्हणजे आपण सुरक्षित आहोत, असे त्याहूनही पुष्कळांस वाटते. या दोन्ही समजुतींवर न विसंबता ज्याने आयुष्य काढले अशा एका माणसाचे चरित्र आम्ही या महिन्यात वाचकांपुढे ठेवीत आहोत. योहानेस केप्लर हे नाव शाळेत विज्ञान शिकलेल्या बहुतेकांच्या कानांवरून गेलेले असते. ग्रहांच्या गतीचे तीन नियम त्याच्या नावावर आहेत. परंतु हा मनुष्य पाळक होण्यासाठी शिकला होता, पुढे त्याच्याच मंडळीने त्याला प्रभुभोजन नाकारले, आणि त्याच्या वृद्ध आईवर चेटकीण म्हणून खटला चालला, या गोष्टी शाळेच्या पुस्तकात येत नाहीत.

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी जर्मनीतील वाइल डेर श्टाट या लहानशा गावी झाला. आजोबा एके काळी गावचे प्रमुख होते. पण बाप भाडोत्री शिपाई, कधी घरी तर कधी लढाईवर, आणि शेवटी तो कायमचाच निघून गेला. लहानपणी देवी आल्या, त्यांत मुलाची दृष्टी अधू झाली. ज्याने पुढे आकाशाचा हिशेब मांडावयाचा त्याला आकाश धड दिसत नव्हते! आई काटारीना ही अशिक्षित, कामसू, फटकळ तोंडाची बाई. झाडपाल्याची औषधे तिला माहीत होती. १५७७ साली मोठा धूमकेतू दिसला तेव्हा तिने सहा वर्षांच्या पोराचा हात धरून त्याला उंचावर नेले आणि तो दाखविला. ही आठवण केप्लरने जन्मभर जपली. वाचकांनीही ती ध्यानात ठेवावी, कारण ही माउली पुढे पुन्हा आपल्यासमोर यावयाची आहे.

व्हुर्टेंबर्ग हे ल्यूथरपंथी राज्य होते आणि हुशार गरीब मुलांना तेथे शिष्यवृत्ती मिळे. त्या आधारावर केप्लर ट्यूबिंगेनच्या विद्यापीठात ईश्वरविज्ञान शिकू लागला. तेथेच मेस्टलिन नावाच्या गणिताच्या अध्यापकाने त्याला कोपर्निकसचे मत समजावून दिले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे तेव्हा बहुतेक विद्वानांस मान्य नव्हते. शिक्षण संपावयाच्या आतच, १५९४ साली, त्याला ऑस्ट्रियातील ग्राट्स येथील प्रॉटेस्टंट शाळेत गणित शिकविण्यास पाठविण्यात आले. दुसऱ्या वर्षी त्याच्या वर्गाला एकही विद्यार्थी बसला नाही, असे सांगतात. शिक्षकीचा पेशा केलेल्या आमच्या वाचकांना हे ऐकून थोडे बरे वाटेल.

ग्राट्सला असताना त्याने पंचांगे केली, भविष्येही वर्तविली. १५९५ सालच्या पंचांगात त्याने कडक थंडी आणि तुर्कांची स्वारी सांगितली व दोन्ही खरी ठरली, त्यामुळे नाव झाले. येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आम्हांस बरे वाटते. केप्लर ताऱ्यांचा माणसावर काही परिणाम होतो असे मानीत असे, आणि पुढेही त्याने मोठमोठ्या सरदारांच्या पत्रिका मांडल्या. बाजारी ज्योतिषावर तो टीका करी, पण सगळेच टाकून देण्यास तो तयार नव्हता. तेव्हा त्याला आपल्या काळाच्या साऱ्या समजुतींतून मुक्त झालेला महापुरुष म्हणून रंगविणे खोटेपणाचे होईल.

राज्यकर्ता रोमन कॅथलिक होता. त्याने प्रॉटेस्टंट पाळकांना व शिक्षकांना घालवून देण्यास सुरुवात केली. १५९९ साली केप्लरची तान्ही मुलगी वारली, तेव्हा कॅथलिक विधीवाचून तिला पुरले म्हणून त्याला दंड भरावा लागला. १६०० साली धर्म बदला अथवा गाव सोडा असा हुकूम झाला. त्याने गाव सोडले आणि तो प्राग येथे टायको ब्राहे या डॅनिश ज्योतिर्विदाकडे गेला. दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वी ताऱ्यांचे व ग्रहांचे सर्वांत अचूक वेध घेणारा हाच. वर्षभरातच, ऑक्टोबर १६०१ मध्ये, ब्राहे मरण पावला, आणि त्याच्या जागी बादशहाचा गणिती म्हणून केप्लरची नेमणूक झाली. ब्राहेच्या वेधांच्या वह्या आता त्याच्या हाती होत्या.

मंगळाची कक्षा आपण आठ दिवसांत सोडवून दाखवितो, अशी पैज त्याने मारली होती. लागली पाच वर्षे. दोन हजार वर्षे सर्व विद्वान एकमुखाने सांगत आले होते की आकाशातील गती वर्तुळाकारच असावयाची, कारण वर्तुळ ही परिपूर्ण आकृती आहे. कोपर्निकसनेही वर्तुळ सोडले नव्हते. केप्लरनेही वर्तुळच धरून, तोच हिशेब पुनःपुन्हा, किमान सत्तर वेळा केला. अखेर त्याची मांडणी इतकी जुळली की दुसरा कोणीही तेथेच थांबला असता. मात्र ब्राहेच्या काही वेधांशी ताडून पाहता फरक निघाला आठ कलांचा. एका अंशाच्या साठ कला. आठ कला म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीचा जेमतेम चौथा हिस्सा. जुन्या काळच्या वेधांतच दहा कलांपर्यंत चूक असे, त्यामुळे एवढ्या फरकाकडे कोणी पाहिलेही नसते. पण ब्राहे इतकी चूक करणारा नव्हता, हे केप्लर जाणून होता. वेध खरे असतील तर मांडणी खोटी. त्याने वर्षांची मेहनत बाजूला सारली आणि वर्तुळही सोडले. १६०५ साली उत्तर सापडले : मंगळ लंबवर्तुळात फिरतो, आणि सूर्य त्या लंबवर्तुळाच्या एका नाभीशी असतो. हा ग्रंथ १६०९ साली छापून निघाला.

लोकमत म्हटले की अडाणी लोकांचे मत असे आपण समजतो. येथे विरोध अडाण्यांचा नव्हता. फ्रीझलंडमधील एक पाळक, डाव्हिड फाब्रिसियस, हा स्वतः उत्तम वेध घेणारा आणि केप्लरचा पत्रमित्र. त्याने वर्तुळ तेवढे सोडू नये म्हणून आग्रह धरला. ज्या मेस्टलिनने त्याला कोपर्निकस शिकविला, त्यानेच ग्रहांच्या गतीमागची भौतिक कारणे शोधण्याच्या भानगडीत पडू नये असा सल्ला दिला. गॅलिलिओने तर लंबवर्तुळ कधीच स्वीकारले नाही. भरतीओहोटी चंद्रामुळे होते हे केप्लरचे म्हणणेही त्याने पोरकट ठरविले. आता गॅलिलिओ म्हणजे लोकमताविरुद्ध उभे राहण्याचा मूर्तिमंत आदर्श! ज्याने साऱ्या जगाशी भांडण मांडले त्याला शेजाऱ्याचे खरे म्हणणे ऐकू आले नाही, हे आम्हांस फार बोलके वाटते.

१६११ हे वर्ष वाईट गेले. सहा वर्षांचा मुलगा देवीने गेला, मागोमाग पत्नी बार्बरा गेली. पुढच्या वर्षी केप्लर लिंट्स येथे जिल्ह्याचा गणिती म्हणून राहावयास आला, आणि येथे त्याचा आपल्याच मंडळीशी प्रसंग पडला.

नव्या गावी आल्यावर तो रीतीप्रमाणे पाळक डॅनिएल हिट्झलर यांच्याकडे प्रभुभोजनाची परवानगी मागण्यास गेला. ल्यूथरपंथी धर्मपंडितांनी १५७७ साली एक मतपत्रिका तयार केली होती व तिच्यावर निरपवाद सही करणे हीच निष्ठेची कसोटी ठरली होती. ख्रिस्ताचे शरीर सर्वत्र उपस्थित आहे, असा तिच्यातील एक सिद्धांत. केप्लरने शास्त्र वाचले होते, प्राचीन मंडळीच्या आचार्यांचे ग्रंथ वाचले होते, आणि त्यांत त्याला हा सिद्धांत सापडत नव्हता. या एका मुद्द्यावर कॅल्विनपंथीयांचे म्हणणे त्याला अधिक जवळचे वाटे, आणि त्यांना दोषी ठरविणारी वाक्ये आपल्या सहीने खरी करण्यास त्याचे मन धजेना. बाकी सर्व मान्य आहे, एवढा अपवाद नोंदवून सही करतो, असे तो म्हणाला. हिट्झलर यांनी प्रभुभोजन नाकारले. केप्लरने श्टुटगार्ट येथील वरिष्ठांकडे दाद मागितली. त्यांनी पाळकाचीच बाजू घेतली. १६१९ साली ट्यूबिंगेनच्या जुन्या स्नेह्यांनीही तोच निकाल कळविला.

सही ठोकून मोकळे होणे किती सोपे होते! पुष्कळ जण तसेच करीत असतील. तसेच, रागावून मंडळी सोडणेही सोपे होते; कॅथलिक झाला असता तर बादशहाच्या पदरी त्याचे भाग्य उघडले असते. त्याने दोहोंपैकी काहीच केले नाही. ज्या मंडळीसाठी त्याने ग्राट्स सोडले त्याच मंडळीच्या मेजापासून दूर बसून तो ल्यूथरपंथीच राहिला. गावात कोणी त्याला छुपा कॅल्विनवादी म्हणत, कोणी छुपा कॅथलिक.

कॅथलिक म्हणण्याला एक निमित्तही झाले होते. १५८२ साली पोप ग्रेगरी यांनी पंचांग सुधारले व साठलेल्या चुकीचे दहा दिवस गाळले. प्रॉटेस्टंट राज्यांनी पोपचे पंचांग म्हणून ते झिडकारले. परिणामी शेजारशेजारच्या दोन गावांत नाताळ दहा दिवसांच्या अंतराने होई. १६१३ साली रेगेन्सबर्ग येथील राजसभेत बादशहाने केप्लरला बोलावले, आणि या प्रॉटेस्टंट गणित्याने नव्या पंचांगाची बाजू मांडली. ते पोपने काढले की आणखी कोणी, याचा सूर्याच्या गतीशी संबंध काय? हिशेब बरोबर असेल तर तो घ्यावा. आपल्या लोकांनी ऐकले नाही. जर्मनीतील प्रॉटेस्टंटांनी नव्या तारखा घेतल्या त्या १७०० साली. आणि गंमत अशी की ईस्टरचा दिवस तरी पोपच्या रीतीने नको म्हणून त्यांनी तो ज्योतिषाच्या गणिताने काढावयाचे ठरविले, त्यासाठी आधार घेतला केप्लरच्या सारणींचा.

आता त्याच्या आईकडे वळू. काटारीना लेऑनबेर्ग या गावी एकटी राहत असे. १६१५ साली उर्सुला राइनबोल्ड नावाच्या, काचकाम करणाऱ्याच्या बायकोने बोभाटा केला की काटारीनेने दिलेले पेय पिऊन आपल्याला दुखणे जडले. तिचा भाऊ न्हावी-वैद्य होता आणि गावचा अंमलदार आइनहॉर्न याच्याशी त्याची बैठक होती. या मंडळींनी म्हातारीला बोलावून तलवारीचा धाक घातला व चेटूक उलटविण्यास सांगितले. म्हातारीने अब्रूनुकसानीची फिर्याद केली, ती वर्षानुवर्षे लांबली, आणि तेवढ्या काळात गावाला सारे काही आठवू लागले. शिंप्याची दोन मुले मेली, तिने पाळण्यावर वाकून आशीर्वाद दिला होता. शाळामास्तर लंगडा झाला, तो तिच्या घरी प्याला होता. विटा वाहून नेणाऱ्या मुलींजवळून ती गेली आणि एकीचा हात दुखू लागला. अशा वेळी गावाची स्मरणशक्ती किती तल्लख होते हे आमच्या वाचकांना निराळे सांगावयास नको. सातपुड्याच्या पाड्यांतून एखाद्या विधवेला डाकीण ठरविल्याच्या बातम्या आम्हीही वाचल्या आहेत.

म्हातारीनेही आपल्या बाजूने घोटाळे केले. तिने अंमलदाराला चांदीचा पेला देऊ केला, त्याने ते लगेच वर कळविले. पूर्वी एकदा प्रवचनात ऐकले होते म्हणून तिने आपल्या बापाची कवटी उकरून मागितली होती, लेकासाठी तिचा पेला करावा म्हणून! असल्या गोष्टी भर न्यायसभेत निघाल्या म्हणजे लेकाला काय वाटले असेल?

७ ऑगस्ट १६२० च्या रात्री तिला पकडले. ती तेव्हा होयमाडेन येथे लेकीच्या घरी होती. जावई तेथे पाळक होता. लोकांनी पाहू नये म्हणून त्र्याहत्तर वर्षांच्या बाईला कपड्यांच्या पेटीत घालून पाळकाच्या घरातून बाहेर काढले. धाकटा मुलगा क्रिस्टोफ लेऑनबेर्गमध्ये कथलाची भांडी करी. त्याला त्याच गावात पोट भरावयाचे होते. खटला निदान दुसऱ्या गावी चालवा, अशी विनंती त्याने केली, आणि तिला ग्यूग्लिंगेन येथे साखळदंडात ठेवण्यात आले. पहाऱ्याला दोन माणसे, त्यांचा खर्च तिच्याच माथी. क्रिस्टोफला दोष देण्याची आमची छाती नाही.

केप्लर लिंट्सहून निघाला. का जातो हे त्याने फार थोड्यांना सांगितले. बादशहाचा गणिती चेटकिणीचा मुलगा आहे, ही बातमी त्याला पोटावर मारू शकली असती. न्यायसभेच्या कारकुनाने कागदात नोंद केली आहे की कैदीण आपल्या गणिती मुलाला सोबत घेऊन आली, आणि ही नोंद करताना त्याने खेदाचा शब्दही घातला आहे. अशी मदत कोणी करीत नसे.

चेटूक नावाची गोष्ट जगात नाही, असे केप्लरने न्यायसभेत म्हटले नाही; तो प्रश्न त्याने काढलाच नाही. त्याने मंगळाच्या बाबतीत केले तेच केले. एकेक साक्ष घेतली आणि विचारले : हे याने स्वतः पाहिले की ऐकले? केव्हाचे? मग इतकी वर्षे का बोलला नाही? याला दुसरे कारण असू शकेल काय? उर्सुला त्या पेयाच्या आधीपासून आजारी होती व कडक औषधे घेत होती. मास्तर ओझे घेऊन खड्ड्यावरून उडी मारताना लचकला होता. लहान मुलीने विटा वाहिल्या तर तिचा हात दुखणारच. म्हातारी रडत नाही म्हणून ती चेटकीण, असे म्हणत. तिने स्वतःच सांगितले होते की आयुष्यात इतके रडून झाले की आता पाणी उरले नाही. तक्रारींच्या तारखा एकमेकींशी जुळत नव्हत्या, अफवा उठल्यानंतरच बहुतेकांना दुखणी आठवली होती, हे त्याने कागदोपत्री दाखविले. हे बचावाचे लिखाण शंभराहून अधिक पानांचे झाले. त्यात आवेश थोडा, तपशील फार.

निकालासाठी कागद ट्यूबिंगेनच्या कायदेपंडितांकडे गेले. त्यांनी सुटका सांगितली नाही, छळही सांगितला नाही. छळाची भीती मात्र दाखवावी असा मधला मार्ग काढला. २८ सप्टेंबर १६२१ रोजी तिला छळाच्या खोलीत नेले. जल्लादाने एकेक हत्यार दाखविले. तिने सांगितले की माझी एकेक शीर ओढून काढलीत तरी कबूल करण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. मग गुडघे टेकून तिने प्रभूची प्रार्थना म्हटली. ऑक्टोबरच्या आरंभी तिला सोडले. चौदा महिने ती कैदेत होती. लेऑनबेर्गला ती परत आलेली तेथील लोकांना नको होती. निकालाने गाव बदलले नव्हते. १३ एप्रिल १६२२ रोजी ती वारली.

या खटल्याच्या वर्षांतच केप्लरचा तिसरा नियम निघाला. ८ मार्च १६१८ रोजी तो सुचला, हिशेबात चूक झाल्यामुळे त्याने खोटा म्हणून टाकून दिला, आणि १५ मे रोजी पुन्हा हाती घेतला. पण त्याने काय काय टाकले हे सांगताना, काय टाकता आले नाही तेही सांगावयास हवे. तरुणपणी त्याला वाटले होते की ग्रहांमधील अंतरे पाच घनाकृती एकात एक बसवून ठरतात. ती कल्पना चुकीची होती. तिच्यावर त्याचे इतके प्रेम होते की १६२१ साली त्याने ते पुस्तक पुन्हा छापले. दुसऱ्यांच्या लाडक्या समजुतीपेक्षा स्वतःची लाडकी समजूत तपासणे कठीण, हे त्याच्याही बाबतीत खरे ठरले.

लिंट्समध्येही पुढे धर्म बदला अथवा निघा, हेच आले. १६२६ च्या शेतकऱ्यांच्या बंडात छापखाना जळाला. ग्रहसारणींचा मोठा ग्रंथ १६२७ साली उल्म येथे छापून झाला. बादशहाकडे पगाराचे सुमारे १२,००० गिल्डर थकले होते. त्यासाठी खटपट करावी म्हणून तो १६३० च्या हिवाळ्याच्या तोंडी घोड्यावरून रेगेन्सबर्गला गेला, तेथे तापाने आजारी पडला आणि १५ नोव्हेंबरला मरण पावला. प्रॉटेस्टंट म्हणून गावाच्या तटाबाहेर त्याला पुरले. थोड्याच वर्षांत युद्धात ते कबरस्तान नाहीसे झाले.

मरणापूर्वी वर्षभर त्याने ज्योतिर्विदांस एक छापील सूचना दिली होती : ७ नोव्हेंबर १६३१ रोजी बुध सूर्यबिंबावरून जाईल. त्या दिवशी पॅरिसमध्ये गासेंदी नावाच्या रोमन कॅथलिक पाद्र्याने अंधाऱ्या खोलीत कागदावर सूर्याची प्रतिमा पाडली. त्याला एक काळा ठिपका दिसला; इतका बारीक की हा बुध नसून सूर्यावरचा डाग असावा असे त्याला आधी वाटले. ठिपका भराभर पुढे सरकू लागला तेव्हा त्याने ओळखले. वेळेत काही तासांची चूक होती. अशी चूक राहू शकेल हे धरून केप्लरने आदल्या दिवसापासूनच पाहत राहण्यास सांगून ठेवले होते.